चाकणच्या शेडमधला समुद्र

फायबर घासायला बसलं की त्याची भुकटी कुठे कुठे शिरते, काही विचारू नका. दोनदा अंघोळ करा, तरी तिसऱ्या दिवशी कॉलरपाशी खाज सुटतेच. दिलीपच्या बोटीचे किस्से तसेच आहेत. सगळे सांगून झाले असं वाटतं आणि चहा पिताना आणखी एक निघतो.

दिलीप माझा कंपनीतला जुना दोस्त. तो प्लॅनिंगला, मी क्वालिटीला. रोजच्या भांडणातून झालेली मैत्री. तरुणपणी तो शिडाच्या बोटी चालवायचा. मग नोकरी, थेरगावचा फ्लॅट, मुलं, आणि समुद्र सुटला तो सुटलाच. रिटायर झाल्यावर पठ्ठ्याने किनाऱ्यावर पडून असलेली एक जुनी शिडाची बोट घेतली. का, तर स्वतः चालवत लक्षद्वीपला जायचंय! फायबरची दुरुस्ती करायला ती ट्रेलरवरून चाकणला आली, शंकरभाऊंच्या शेडमध्ये. शंकरभाऊ तिथल्याच गावचे. शेतात शेड टाकून बसचे फायबरचे पार्ट बनवतात.

ट्रेलर टपरीपाशी थांबला तेव्हा एकाने विचारलं, "साहेब, हॉटेलच्या दारात ठेवायला का?"

"नाही. लक्षद्वीप."

"नाव झकास आहे. व्हेज का नॉनव्हेज?"

"दोन्ही," दिलीप म्हणाला. दुसरं काय सांगणार, राव?

*

बोटीची भोकं बुजवून झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर शंकरभाऊ पाइप लावून बोटीत पाणी भरतायत. नव्या स्लॅबवर पाणी साठवून गळती बघतात ना, तसं. खालचे स्टँड करकरायला लागलेले.

दिलीप बोंबलत धावला, "अहो भाऊ, बोटीला पाणी बाहेरून असतं!"

शंकरभाऊ शांत. "आतलं भायेर न्हाई आलं, तर भायेरचं आत कसं यील?"

मी आख्खी नोकरी क्वालिटीत काढली, पण ही टेस्ट कुठल्याच चेकलिस्टवर बघितली नव्हती. बोट वाळवण्यात मात्र आठवडा गेला.

*

दिलीप पडला प्लॅनिंगवाला. पंप घेतला, पंपाला स्पेअर घेतला, तो स्पेअर बिघडला तर म्हणून आणखी एक. शिडं शिवायच्या सुया, डाळ-तांदूळ, दोरांची भेंडोळी. एका रविवारी त्याची बायको, सुनंदावहिनी, डबा घेऊन आल्या आणि शिडीवरूनच आत डोकावल्या. झोपायच्या बाकावरसुद्धा खोकी.

"अहो, सामान जाऊन येऊ दे लक्षद्वीपला," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी थांबा."

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

*

कारण नंतर दिलीपनेच सांगितलं. लग्नानंतरची काही वर्षं वहिनीही त्याच्याबरोबर बोटीवर जायच्या. तिथे 'अहो' नव्हतं, सरळ 'दिलीप' असायचं. एकदा भर वाऱ्यात दिलीप पाण्यात पडला. बोटीवर वहिनी एकट्या. त्यांनी बोट वळवायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण ती लांब लांबच जात राहिली आणि त्याचं डोकं लाटांत दिसेनासं झालं. मच्छीमारांनी त्याला उचललं म्हणून वाचला. त्यानंतर वहिनी बोटीवर चढल्या नाहीत. त्या दिवसाबद्दल नवरा-बायको कधी बोललेही नाहीत.

आता त्यांची एकच अट होती. "हे पडले तर बोट फिरवून यांना उचलणारा माणूस मला दाखवा, मग जा खुशाल. नाही तर बोट विका."

बरोबर जाणार होतो मी, तेव्हा तो माणूस म्हणजे मीच. पोहता येतं एवढीच माझी लायकी.

*

सराव शेडमध्येच करायचा ठरला. पण स्टँडवरची बोट वळणार कशी? शंकरभाऊंनी तोडगा काढला. बोट फिरत नसेल तर समुद्र फिरवू.

साचे वाहायची चाकांची ट्रॉली होती. तिच्यावर बुडणारा म्हणून दिलीप बसला. वारा म्हणून शेडचा मोठा पंखा लावला. मी वर सुकाणूचा दांडा जसा फिरवीन, तशी शंकरभाऊंनी ट्रॉली बोटीभोवती ओढायची. बोट वाऱ्याकडे तोंड करून माणसापाशी थांबवायची आणि दोर टाकायचा, एवढंच काम.

पहिल्यांदा मी दिलीपच्या अंगावरूनच बोट नेली, म्हणजे ट्रॉली सरळ बोटीखाली गेली. दुसऱ्यांदा दोर टाकला तो पंख्याकडे. तिसऱ्या खेपेला शंकरभाऊच थांबले आणि घाम पुसत म्हणाले, "दर्याला बी च्या लागतो, राव."

हसलो खूप. पण घरी जाताना एकच विचार डोक्यात होता. शेडमध्ये जमेना, तर खऱ्या पाण्यात काय होईल? शेवटी मी दिलीपला सांगून टाकलं, "भावा, माझ्या भरवशावर जाऊ नकोस."

"मग विकू," तो म्हणाला आणि पान्हा पुसत बसला.

*

पुढच्या रविवारी गिऱ्हाईक बोट बघायला येणार होतं. आम्ही खोकी उतरवत होतो. वहिनी आल्या. डबा ठेवला, शिडीखाली चपला काढल्या, पदर खोचला आणि वर चढल्या.

"अहो, ट्रॉलीवर बसा. शंकरभाऊ, पंखा लावा आणि ओढा."

दिलीप ट्रॉलीवर बसला, शंकरभाऊंनी पंखा लावला. ट्रॉली लांब जायला लागली. वहिनींनी या वेळी वळायची घाई केली नाही. नजर दिलीपवर ठेवून बोट थोडी पुढे जाऊ दिली, मग दांडा ढकलला. मी खोक्यांपाशी वरच होतो. मला म्हणाल्या, "वेग मोडायचाय, शिडाचा दोर सोडा." शंकरभाऊ धापा टाकत ट्रॉली वळवत होते. ती बोटीच्या अगदी कडेला येऊन थांबली. वहिनींनी दोर टाकला, तो दिलीपच्या मांडीवर पडला.

"दिलीप, दोर धर."

त्याने धरला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून तो नुसता वर वहिनींकडे बघत राहिला.

शंकरभाऊंना राहवेना. "दादा, धरा की. बुडाल."

"धरतो हो भाऊ," दिलीप म्हणाला. "जरा बघू द्या."