प्रात्यक्षिकासह

सरकारच्या योजना सरकारपेक्षा जास्त मनापासून वाचणारा माणूस या राज्यात एकच आहे, आणि तो माझा मामेसासरा आहे. यात माझा काही दोष नाही. मी फक्त त्यांच्या भाच्याशी लग्न केलं. पण मी कात्रपच्या एका शाळेत चित्रकला शिकवते आणि माझ्याकडे लॅपटॉप आहे, हे मामांना साखरपुड्यातच कळलं. तेव्हापासून लोककला, लोकवाद्य, लोकनृत्य अशी ‘लोक’ लागलेली एकही योजना माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय या राज्यात जाहीर होत नाही. मामा राहतात चामटोलीला. सकाळी सात वाजता स्कूटर आमच्या बिल्डिंगखाली थांबते, आणि मामा खालूनच ओरडतात, “सूनबाय, पोर्टल उघडलं!” पहिल्यांदा शेजारच्या काकू घाबरून गॅलरीत आल्या होत्या. त्यांना वाटलं, धरणाचे दरवाजे उघडले.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मामांनी जन्मभर लेथ चालवली. निवृत्त झाल्यावर लोक शेताकडे बघतात, गुडघ्यांकडे बघतात. मामांनी शासननिर्णय वाचायला घेतले. त्या वाचनाचा परिणाम जिभेवर झाला. जेवायला बसले की म्हणतात, “सदर भाजीत मीठ कमी आढळून येते.” मामी साताऱ्याकडच्या. त्या ताटाकडे न बघता उत्तर देतात, “योग्य त्या कार्यवाहीसाठी डबा तुमच्या उजव्या हाताला हाय.” मामा आपल्या सख्ख्या जावयाचा उल्लेखही ‘उपरोक्त’ असा करतात. जावई पुण्याचा आहे, त्याला तो मान वाटतो.

अर्ज भरला की मामा पेढे वाटतात. मंजूर झाला की नव्हे, भरला की. मी एकदा म्हटलं, “अहो मामा, अजून काही मिळालं नाही, पेढे कसले?” तर म्हणाले, “मंजूर करणं सरकारच्या हातात, भरणं आपल्या हातात. आपल्या हातातलं झालं की तोंड गोड करायचं. सरकारच्या हातातल्याची वाट बघत बसलो तर पेढे खायला दात राहतील का?” बारवी धरणाच्या वरच्या पाड्यांतल्या तारपावाल्यांसाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा एका म्हाताऱ्या वादकाची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. तो नुसता म्हणायचा, “धरणाच्या आधीचा.” मामांनी हट्टानं तेच रकान्यात भरायला लावलं, कारण खोटं लिहायचं नाही. पोर्टल काही ते घेईना. मामा स्क्रीनला समजावत होते, “अरे बाबा, धरणाच्या आधीचा म्हणजे आधीचाच की रे!” खोटं न लिहिण्याचा हा हट्ट बॅनरपर्यंत जातो. उल्हासनगरला एक सिंधी बॅनरवाले आहेत, त्यांच्याकडे मामांनी ‘शासन अनुदानित (प्रस्तावित)’ असा बॅनर करायला टाकला. ते बिचारे धंद्यातले, मदत करायला गेले: “साईं, ‘अनुदानित’ बड़ा करता हूँ, ‘प्रस्तावित’ एकदम छोटा. किसको दिखेगा?” मामा म्हणाले, “दोनो एक साइज. जो सच है वो दिखना मंगताय.” बॅनर इतका लांब झाला की समाजमंदिराच्या दारावर मावेना. मग तो छपराला आडवा बांधला आणि ‘प्रस्तावित’ कौलांच्या पलीकडे गेलं. मामा दोन दिवस अस्वस्थ होते.

तर अशा या माणसाच्या डोक्यात धवला शिरला. आमच्याकडच्या आगरी लग्नांत धवलारीण असते. ती बाईच लग्न लावते, आणि लावताना जी गाते तो धवला. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा वेगळा. पंचक्रोशीत आता एकच धवलारीण उरली आहे, हिराबाय. पाठीत वाकलेली, एका डोळ्यानं कमी दिसतं, पण आवाज लागला की मांडवातला डीजेवाला आपणहून बटण बंद करतो. तिच्या जोडीच्या दोघी गेल्या. तिच्याकडून शिकलेली एकही नाही. मामा एका लग्नात तिच्याजवळ बसले होते, तर दम लागून ती मध्येच थांबली आणि पुढची ओळ उचलायला कुणीच नव्हतं. मामा मला सांगत होते, “सूनबाय, सगळा मांडव भरलेला, न ओळ तशीच लटकली गो! उद्या ही बाय गेली की सगळंच लटकलं.” आणि नेमकी त्याच आठवड्यात लोककलेच्या प्रशिक्षणवर्गांना अनुदान देणारी योजना निघाली. मग काय विचारता! सात पोरी जमवल्या, समाजमंदिर ठरवलं, हिराबायला मानधन लिहिलं. ‘प्रशिक्षणाचे स्वरूप’ या रकान्यात मामांनी स्वतः सांगून माझ्याकडून टाइप करून घेतलं: ‘दर रविवारी, प्रात्यक्षिकासह.’ त्या ‘प्रात्यक्षिकासह’वर ते इतके खूश झाले की मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं.

पेढे वाटून झाले. आणि काय नवल, उत्तर आलं! पाहणी अधिकारी अमुक रविवारी येतील, कलेचं प्रत्यक्ष सादरीकरण बघतील, अहवाल देतील, मग अनुदान. मामांनी स्कूटर अशी पळवली की हेल्मेट वाटेत पडलं ते दुसऱ्या दिवशी आणलं. आम्ही दोघं हिराबायच्या ओटीवर गेलो. ती सुपात तांदूळ निवडत होती. मामांनी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

“लगीन कोनाचं?” तिनं विचारलं.

“लगीन कुणाचं नाही. नुसतं गाऊन दाखवायचं.”

“लगीन नाय, मांडव नाय, न धवला गाऊ? कोनासाठी?”

“साहेबासाठी.”

“धवला म्हंजे काय गानं हाय? देवांना आवतान हाय त्ये. देव येतान, पितर येतान. येऊन बगतान त नवरीच नाय! मंग मना काय बोलतील?”

मला आधी हसू आलं आणि मग घोळ लक्षात आला. प्रश्न एका रविवारचा नव्हताच. लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही, म्हणजे वर्गात तो शिकवणार कसा? आम्ही सरकारला दर रविवारी एक लग्न लिहून दिलं होतं!

मामा खचणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी बाहुला-बाहुलीचं लग्न काढलं. हिराबाय म्हणाली, “बाहुलीच्या लग्नाला देव बोलवू? देव रिकामे हान काय?” मग ते खरं लग्न शोधायला निघाले. त्या महिन्यात मुहूर्त नव्हते. ज्यांची ठरली होती त्यांना मामांनी तारीख अलीकडे घ्यायची गळ घातली. एका वरबापानं चहा दिला आणि दुसऱ्यानं तोही नाही. कात्रपच्या नाक्यावर एक मुलगा आणि मुलगी पाणीपुरी खात उभी होती. मामांनी स्कूटर थांबवून त्यांना येत्या रविवारी मोकळे आहात का असं विचारलं. मुलगा हादरला. “अंकल, अभी तो सिर्फ बात चल रही है,” तो म्हणाला. मुलीनं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की बात तिथंच संपली असावी.

शेवटी हरून आम्ही पुन्हा त्या ओटीवर जाऊन बसलो. हिराबायनं मामांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तिनं विचारलं, “तुमचं लगीन कंच्या मांडवात झालं?”

“माझं?” मामा गडबडले. “माझं कल्याणला. नोंदणी कचेरीत.”

“तिथं धवला कोनी गायला?”

“तिथं धवला कसला? तिथं रजिस्ट्रार होता.”

“त्याला गाता येत व्हता काय?”

“नाय.”

“मंग तुमचं लगीन व्हायचं हाय अजून,” हिराबाय म्हणाली आणि तिनं तांदूळ पाखडायला घेतले.

मामांनी मामींशी घरच्यांच्या विरोधात लग्न केलं होतं. जात वेगळी, मुलूख वेगळा. इकडची माणसं वर्षभरात निवळली. मामींच्या माहेरचा उंबरा मात्र तेव्हा बंद झाला तो झालाच. आईवडील गेल्याचंही त्यांना उशिरा, तिऱ्हाइताकडून कळलं. मामींनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं. त्यामुळे मामा उड्या मारत घरी आले आणि “अगं, आपलंच लग्न करायचं!” म्हणाले, तेव्हा मामी भडकल्याच. “नातू कॉलेजात जातोय आन् मी हळद लावून बसू? लोक तोंडात शेण घालतील. तुमच्या त्या अनुदानासाठी मी न्हाई माकडासारखी नाचायची!” मामांनी ‘लोककलेचे व्यापक हित’ वगैरे सुरू केलं. मामींनी सरळ गॅस वाढवून कुकरची शिट्टी काढली. पण दोन दिवसांनी मी गेले तर मेथी निवडता निवडता, मान वर न करता, त्यांनी मला विचारलं, “काय गं, यांच्याकडं हळद नुसती कपाळाला लावतात का सगळ्या अंगाला?” मी धावत जाऊन मामांना सांगितलं. ते आनंदाच्या भरात गोठ्याच्या दाराला थडकले.

काय तो रविवार! समाजमंदिरापुढे मांडव, उंबराची फांदी, तांदळाच्या पिठाचा चौक. सात पोरी नटून हिराबायच्या मागं. मामा पिवळेधमक, बाशिंग बांधून दारात उभे, आणि पाहणी अधिकारी येताच हात जोडून, “सदर विवाहास आपले स्वागत आहे!” अधिकारी म्हणजे पंचविशीतला एक सडपातळ मुलगा, खांद्याला बॅग. तो बसतोय तोवर हिराबायनं हाक दिली, “नवरीकडचं कोन हाय? पाठराखा भाव कोन?” सगळे एकमेकांकडे बघू लागले. मांडवात शंभर माणसं, एकजात नवऱ्याकडची. मामी पाटावर खाली मान घालून बसल्या होत्या. तेवढ्यात हिराबायचं बोट त्या अधिकाऱ्याकडे गेलं. “ह्यो पोरगा कोनाकडचा?”

“मी शासनाकडून,” तो म्हणाला. “मी फक्त पाहणीला आलोय, आजी.”

“पाहनीलाच येतान समदे. इकडं नाय ना तू कोनाचा? मंग नवरीचा भाव. हुबा ऱ्हा पाठीशी.”

कुणीतरी त्याला टोपी घातली, कुणीतरी खांद्यावर उपरणं टाकलं, आणि शासन मामींच्या पाठीशी उभं राहिलं! मांडवात हशा पिकला. पण हिराबाय हसली नाही. तिनं आवाज लावला, आणि हशा आपोआप थांबला. एकेक देव बोलावला गेला: गावदेवी, शिवेवरचा, डोंगरावरचा. मग मामांचे पितर झाले. मग ती थांबली आणि मामींच्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणाली, “बाय, तुजा बापूस कोन? आयस कोन?”

बापाचं नाव मामांना पाठ होतं, ते त्यांनी चटकन सांगितलं. आईचं नाव मात्र कुठल्याच अर्जात आजवर लागलं नव्हतं. मामींचे ओठ हलले. “यमुना,” त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत ते नाव मामांच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. आणि हिराबायनं साताऱ्याकडच्या त्या यमुनाबाईला, लेकीसाठी उंबरा बंद करून गेलेल्या त्या बाईला, आपल्या धवल्यात हाताला धरून मांडवात आणलं. लेक पाटावर बसली आहे, आई ये, हळद ओली आहे, आई ये. मध्येच हिराबायला दम लागला. ओळ लटकली, आणि इतका वेळ तिच्या मागून गुणगुणणाऱ्या सात पोरींनी, कच्च्यापक्क्या सुरात का होईना, ती उचलली. मामी लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडल्या. तो टोपी घातलेला मुलगा काय करावं न कळून त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

महिन्याभरानं अहवाल आला. ‘सदर कार्यक्रम हा खासगी विवाहसमारंभ असल्याचे पाहणीत निदर्शनास आल्याने अनुदानास पात्र नाही.’ मला तर त्या पोराचा रागच आला. जेवला, आहेराचा रुमाल घेऊन गेला, आणि वर हे! पण मामांच्या अंगात उलट वारं शिरलं. “अपील आहे, सूनबाय! पंधरा दिवसांची मुदत आहे! काढ लॅपटॉप!” आपल्या घराच्या ओटीवर येरझाऱ्या घालत त्यांनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला: ‘सदर विवाह हा प्रत्यक्ष विवाह नसून केवळ प्रात्यक्षिक होते. वर व वधू यांचा विवाह पूर्वीच झालेला असल्याने…’ मुद्दा बिनतोड होता. अनुदान खिशात आल्यातच जमा होतं. मामी दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या.

“प्रात्यक्षिक व्हतं का ते?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मामा म्हणाले, “अगं, तसं फक्त लिहायचं असतं.” आणि आपलंच वाक्य ऐकून त्यांच्या येरझाऱ्या थांबल्या. मला म्हणाले, “राहू दे आज. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी स्कूटर आली नाही. तिसऱ्याही नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी न राहवून मीच फोन केला. हिराबाय थकत चालली आहे, त्या सात पोरी दुसऱ्या लग्नाची वाट बघतायत, मांडव काही रोज पडत नाही, आणि हा वर्ग झाला असता तर किती बरं झालं असतं, हे सगळं माझ्या मनात होतं.

“मामा, पोर्टल आज रात्री बंद होतंय. अपील पाठवू का?”

“नको गो,” मामा म्हणाले. मागून वाऱ्याचा आणि मामींच्या हसण्याचा आवाज येत होता. “खोटं कसं लिहायचं? मी तुझ्या मामीला घेऊन बारवीवर आलोय. लग्न झाल्यापासून कुठं नेलंच नव्हतं तिला.”