पणदऱ्यात ग्राफिक्स कार्ड बसवताना

गेल्या रविवारी पणदऱ्यात आमच्या घरी दिवसभर एकच कार्यक्रम चालला होता... माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवणे. आदल्या दिवशी कुरिअरवाला बारामतीहून आणून देऊन गेला होता.

मी पुण्यातल्या एका ऑफिससाठी थ्रीडी व्ह्यू बनवते, म्हणजे घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल त्याची चित्रं. लग्नानंतर इकडे आले तेव्हा सरांनी घरून काम करू दिलं, पण हल्ली कॉम्प्युटर इतका रडायला लागला की एकेका व्ह्यूला अख्खा दिवस जायचा. नवं कार्ड बसलं की तेच काम तासाभरात होणार होतं.

शेवटी सर म्हणाले, सोमवारी संध्याकाळपर्यंत हातातल्या बंगल्याचे व्ह्यू आले तर ठीक, नाहीतर पुण्यात येऊन काम करावं लागेल. पुण्यात म्हणजे तिथं खोली घेऊन राहायचं, नाहीतर नोकरी सोडायची... मला दोन्ही नको होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या माझ्या कामाबद्दल कधी चकार शब्द काढत नाहीत, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. शेजारणींनी विचारलं की सांगतात, सून आत टीव्हीपुढं बसलीय. खोटं कशाला बोलू, मला ते फार लागायचं.

तर रविवारी सकाळी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढलं, उघडं कॅबिनेट पलंगावर आडवं ठेवलं, ब्रशने धूळ झटकली आणि अंघोळीला गेले. आल्यावर कॅबिनेट टेबलावर उभं करून कार्ड बसवलं, मॉनिटरची वायर त्याला जोडली आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

पंखे फिरले, लाईट लागले... आणि स्क्रीन काळी ठिक्कर. वर एक लांबलचक बीप, कुणीतरी कण्हत असल्यासारखा.

कार्ड काढून वायर जुन्या जागी लावली, तर कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा चालू! परत कार्ड घातलं की परत बोंब.

मग इंदापूरला माझ्या दादाला व्हिडिओ कॉल लावला. हा कॉम्प्युटर मी कॉलेजात असताना त्यानेच जोडून दिलेला, त्यामुळे त्याच्या आजारपणाची जबाबदारीही त्याचीच. दादाने सांगितलं तसं रॅम काढून पुसून लावली, बोर्डवरचा सेल काढून परत बसवला, कार्डाची सोनेरी पट्टी खोडरबरने घासली.

कार्ड बसताना टक् असा आवाज आला का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आला असेल की... आता मला काय माहीत तो आवाज केवढा असतो!

पॉवर सप्लाय जुना असला तरी हे कार्ड लहान आहे, त्याला पुरायला हवा, असं दादाचं मत पडलं. म्हणजे उरला तो कार्डाचा स्लॉट, बोर्डवरची कार्ड बसायची खाच. तो गेला असेल तर बोर्डच बदलायचा, आणि एवढा जुना बोर्ड आता दुकानात शोधूनही मिळायचा नाही.

फोन ठेवला आणि मला रडूच आलं. गोठ्यातून नवरा आला, त्याने एकंदर अवतार बघितला आणि चहा ठेवला. सरांना मेसेज टाईप केला की पुण्याला यायची तयारी करते. पाठवायचं मात्र धाडस होईना.

म्हटलं, आधी हा पसारा तरी आवरू. कार्ड काढलं, कॅबिनेट उचललं, जरा तिरकं झालं... आणि आतून काहीतरी टपटप फरशीवर पडलं. बघते तर तांदूळ. कुंकवाने लाल झालेले.

अक्षता! कॉम्प्युटरच्या पोटात!

मोबाईलचा टॉर्च मारला. कार्डाच्या स्लॉटमध्ये अगदी टोकाला तांदळाची एक लाल कणी रुतून बसलेली. त्या कणीने कार्डाला शेवटपर्यंत खाली जाऊच दिलं नव्हतं.

मागं वळले तर आत्या दारात उभ्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता. सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा त्यांनी उघड्या कॉम्प्युटरची पूजा केली होती म्हणे. यंत्र खराब होईल म्हणून हळदकुंकू मुद्दाम लावलं नाही, नुसत्या अक्षता टाकल्या... एवढी काळजी घेतलेली बघा.

"माझ्यामुळंच बिघाडलं व्हय गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आत्या, तुम्ही पूजा कशाला केली पण?

"कशाला म्हंजी? नवं हत्यार घरात आलं की पुजल्याबिगर वापरत्यात व्हय? तुज्या कामाचं हाय न्हवं ते."

या घरात पूजा होते ती ट्रॅक्टरची, विहिरीवरच्या मोटारीची, दूध काढायच्या मशीनची. ज्याच्यावर घर चालतं त्याची. टीव्हीची पूजा आमच्याकडे आजवर कुणी केलेली नाही.

देव्हाऱ्यातून अगरबत्तीची एक जळून उरलेली काडी आणली आणि हलक्या हाताने ती कणी बाहेर काढली. कार्ड परत दाबलं... टक्! बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली. सरांना लिहिलेला मेसेज पुसून टाकला आणि सोमवारी दुपारीच व्ह्यू पाठवले. सरांचं उत्तर आलं, घरूनच चालू ठेव.

आत्यांना सांगितलं तर त्या लगेच हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. या वेळी कॅबिनेटचं झाकण आधी लावून घेतलं, स्क्रू पिळले आणि मगच म्हटलं, आता लावा.

काल शेजारच्या काकू आल्या होत्या. सून कुठंय म्हणून त्यांनी विचारलं. मी आतल्या खोलीत होते, आत्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"कामावर हाय. वाईच हळू बोल."