काठी काढली, तंबू उभाच

आधीच सांगते — भूत, भानामती, ‘बाहेरचं’ असल्या प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. तेव्हा ‘ताई, मनाचे खेळ असतील’ ही कमेंट ज्यांना टाकायची असेल त्यांनी आत्ताच टाकून मोकळं व्हावं.

मी जळगावला मेहरूणमध्ये मोठ्या भावाकडे राहते. त्याला सगळे नाना म्हणतात, मीही. लग्न केलं नाही, त्याचं दुःख नाही. पाठीवर सॅक टाकून सातपुड्यात एकटीनं हिंडायचं, एवढीच हौस. पण आमच्या खान्देशात शेतात मुक्काम म्हणजे भरीत, कळण्याची भाकरी आणि पन्नास माणसं! एकटी बाई? नाना म्हणाला, “एकदा जाऊन ये. काही वेडंवाकडं झालं तर हा विषय कायमचा बंद.” मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे हो... पण घरात रोजची कटकट नको म्हणून हो म्हटलं.

मग तंबूशोध. स्वतःच्या दांड्या असलेले तंबू कुठंही उभे राहतात, पण जड. दोनपदरी कापड असलं की आणखी वजन, आणि ओझं वाहायचं कोणी? मीच ना! शेवटी एका माणसापुरता, एकपदरी, जेमतेम किलोभराचा घेतला. त्याला दांड्याच नाहीत. आपली चालायची काठी आत उभी करायची आणि कडेनं खुंट्या ठोकून कापड ताणायचं. गच्चीच्या स्लॅबमध्ये खुंट्या कुठल्या जाणार, म्हणून विटांना दोऱ्या बांधून सराव केला. काठी काढली की तंबू भुईसपाट — दर वेळी. वहिनी पापड वाळत घालायला आली की खो खो हसायची.

थंडीत गेले. शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, सहकाऱ्याच्या ओळखीचं एक कुटुंब. घरातल्या म्हाताऱ्या अक्कांनी घरामागचं जुनं खळं दाखवलं. सपाट, स्वच्छ जागा. मी बरोबर मधोमध तंबू लावला आणि ढाराढूर झोपले. काही आवाज नाही, स्वप्न नाही, काही नाही.

सकाळी चांगलं ऊन पडलं होतं. अक्का चहा घेऊन आल्या. त्यांना गंमत दाखवावी म्हणून म्हटलं, “बघा हं, काठी काढली की हा कसा बसतो.” आत हात घालून काठी ओढली.

तंबू उभाच.

वारा नव्हता. काठी माझ्या हातात. आणि शेंड्याचं कापड ताणलेलं... आतून कुणी मुठीनं वर रेटून धरावं तसं. दार उघडंच होतं. वाकून पाहिलं, आत चटई आणि झोपायची पिशवी, बास.

अक्का म्हणाल्या, “तुनासंगे कोन शे वं?”

“कोणी नाही. एकटीच आहे.”

“मंग तंबू कोनी धरेल शे?”

घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त संताप आला. एवढं भांडून एकटी आले, आणि इथंही कुणीतरी सोबतीला! मी ओरडले, “सोड!”

तंबू हळूहळू खाली बसला.

अक्का शांतपणे म्हणाल्या, “तठे आमनी मेढ व्हती. तिनीच धरेल व्हई.” मेढ म्हणजे खळ्याच्या मध्यावरचा खांब, मळणीचे बैल त्याच्याभोवती फिरायचे. मळणीयंत्र आलं तेव्हाच ती उपटली म्हणे.

तेवढ्यात नानाचा फोन. लपवता आलं असतं, पण सगळं सांगितलं. तो म्हणाला, “झालं ना वेडंवाकडं? ये घरी. विषय बंद.”

“येते. पण विषय बंद नाही. घाबरले ती मी, आणि इथं पुन्हा येणारही मीच.”

आठवडाभर नाना धुसफुसत होता. धुसफुसू दे. पुढच्याच महिन्यात मी पुन्हा तिथंच, त्याच जागी तंबू लावला. सकाळी काठी काढली. बदकन पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. पहिल्यांदा धरणारी मेढच असती, तर या वेळीही धरला असता ना? फिजिक्सकडे उत्तर नाही, अक्कांकडेही नाही, माझ्याकडे तर नाहीच.

फक्त एक सांगते, हसायचं तर हसा. तो पडलेला तंबू गोळा करताना मला रडू आलं. मग डोळे पुसले, सॅक उचलली आणि पुढच्या डोंगराला लागले... एकटीच.