मॅडम ब्रेकचं म्हणून राह्यल्या

घरात जुनी गाडी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीटखाली शेंगांची टरफलं साचतात, तसे ते आपोआप साचतात. माझ्या गाडीचे किस्से ऐकून स्टाफरूममध्ये सगळे पोट धरून हसतात. हसा! मी मात्र त्यातल्या एकाही वेळी हसत नव्हते.

गाडी माझ्या वडिलांची. छोटी, पांढरी, जुनी. त्यांनी चालवणं सोडलं तेव्हा किल्ली माझ्या हातात दिली. मी मेहकरला राहते, डोणगावच्या शाळेत गणित शिकवते. रोजचं जाणं-येणं याच गाडीनं. सोबत शाळेतलेच देशमुख सर आणि वानखडे मॅडम.

गाडी पळायची छान. थांबायची नाही, एवढंच!

*

सोयाबीन काढणीचे दिवस. उतारावर समोरची ट्रॅक्टरची ट्रॉली अचानक थांबली. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी घसरत घसरत ट्रॉलीपासून वीतभर अंतरावर थांबली. वानखडे मॅडमनी डोळे घट्ट मिटलेले.

मागून देशमुख सर शांतपणे म्हणाले, "कसं आहे मॅडम, लेडीजच्या पायात जोर कमीच असते."

माझं डोकंच फिरलं. ट्रॉली गेल्यावर मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि दार उघडून उभी राहिले. "या सर. आणा तुमचा पाय!"

सर ऐटीत स्टीअरिंगवर बसले. पुढच्या गावाच्या स्पीडब्रेकरवर गाडी थांबलीच नाही. आम्ही तिघांनीही छताला डोकी आपटली.

"टायरात हवा जास्त दिसते," सर म्हणाले!

*

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "ब्रेक चांगले करून घ्यायचे आहेत. नव्या गाड्यांत बूस्टर असतो, हलका पाय ठेवला तरी ब्रेक घट्ट लागतो. आपल्या गाडीत तो नाहीच. तो बसवू, डिस्क बदलू."

"बाबा इतकी वर्षं चालवत होते, त्यांना कधी लागला नाही बूस्टर?"

"तेव्हा रस्त्यावर गाड्या होत्या का एवढ्या?"

ह्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. रविवारी गाडी घेऊन गेले आणि दुपारी खुशीत परतले. नवा हॉर्न बसवून आणला होता! ट्रकला असतो तसा. एकदा वाजवून दाखवला, तर शेजारच्या काकूंच्या हातातून पापडाचं ताट पडलं.

"आणि ब्रेक?"

"अगं, समोरच्यानं ऐकलं की तो थांबते. मग आपण काऊन थांबायचं?"

त्या दिवशी मी जेवले नाही.

*

मग मीच गाडी गजूभाऊच्या गॅरेजात नेली. सगळं नीट सांगितलं. गजूभाऊनं ऐकून घेतलं, खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या समोर उभा राहून ह्यांना फोन लावला.

"साहेब, मॅडम आल्या. ब्रेकचं म्हणून राह्यल्या. काय करू?"

म्हणजे मी तिथं नव्हतेच! गाडी माझी, लायसन्स माझं, रोज त्या पेडलवर पाय माझा. आणि ब्रेक लागतो की नाही, हे विचारायचं बँकेत बसलेल्या माणसाला! पलीकडून ह्यांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. गजूभाऊ म्हणाला, "हाव साहेब. समजलं साहेब."

संध्याकाळी गाडी मिळाली. दरवाजा कुरकुरायचा, तो बंद झाला होता. बिजागरीला तेल दिलं होतं!

"ब्रेक, गजूभाऊ?"

"साहेब म्हणले, मॅडमले आवाजाची भीती वाटते."

*

शेवटी कोणाला न सांगता सुट्टीच्या दिवशी चिखली गाठली. तिथं शेषराव काका म्हणून एक फिटर आहेत. त्यांनी फोन केला नाही. मला विचारलं, "पेडल कुठवर जाते, ताई?" एवढ्या साध्या प्रश्नानं मला रडू यायचं बाकी राहिलं.

मला सगळ्यात मोठ्या डिस्क हव्या होत्या. काका म्हणाले, "मोठी डिस्क टाकली तं तुमचं चाकच वर बसत नाही. चाक लहान आहे न. मापाचीच टाकू. बूस्टर टाकू, मागचे लायनर नवे, पाईप नवे. भागते."

सगळं बसवल्यावर पाइपातली हवा काढायची होती. काका गाडीखाली आणि मी पेडलवर.

"दाबा! धरा! सोडा! दाबा!"

मी दाबू लागले. हा देशमुख सरांच्या नावाचा. हा गजूभाऊच्या. हा हॉर्नचा. हा बिजागरीच्या तेलाचा. आणि हा, आणि हासुद्धा, आमच्या ह्यांचा!

गाडीखालून आवाज आला, "ताई, हवा कवाचीच निंघाली! आता पेडल तोडता काय?"

*

सोमवारी देशमुख सर मागं बसून डबा उघडून काकडी खात होते. समोर कुत्रं आलं. मी सवयीनं जोरात पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, काकडी थेट समोरच्या काचेवर!

सरांनी डबा बंद केला. "मॅडम, आता ब्रेक फारच लागून राह्यले. थोडे कमी करून घ्या न."

मी म्हटलं, "उतरा."

नाही उतरले!

*

आणि हे मागच्या महिन्यातलं. डोणगावचा बाजार होता. एक बकरीचं पिल्लू रस्त्यात धावलं आणि त्याच्यामागे फ्रॉकातली एक पोरगी. मी ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. पोरीचा एक हात बॉनेटवर टेकलेला, दुसऱ्या हातात पिल्लू. तिला काहीही झालं नव्हतं.

भाजीच्या ढिगामागून तिचा बाप धावत आला. "दिसत नाही काय? गाडी चालवता येत नाही तं माणसाले चालवू द्या न घरातल्या!"

इतक्या दिवसांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी दार उघडून खाली उतरले, सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो बोलतच होता.

पोरगी म्हणाली, "बाबा, बाईचे पाय पाह्य."

त्यानं खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय लटलट कापत होते. मग त्यानं पोरीच्या हातातलं पिल्लू काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"धरा," म्हणाला.

आणि पोरीला दोन्ही हातांनी छातीशी घेऊन तो तिथंच, भर रस्त्यात खाली बसला. मी पिल्लू धरून उभी. मागं एसटीवाला खिडकीतून डोकं काढून ओरडत होता.

ओरडू दे!