अंधारमावशी आणि पेटीतला उजेड

आमच्या मावशीला घरात सगळे अंधारमावशी म्हणतात. अर्थात तिच्या माघारी. तिची नोकरीच अंधाराची. तिच्या प्रयोगशाळेत सूक्ष्म कणांच्या जबरदस्त टकरी घडवतात. त्यातून उडालेले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, स्फटिकांच्या पेटीत शिरतात. स्फटिक क्षणभर चमकतो; चमक जेवढी मोठी, तेवढी फोटॉनची ऊर्जा जास्त. ती मोजायची तर पेटीत बाहेरचा उजेड जराही नको. तो अडवायला मावशीकडे काळी चिकटपट्टी, काळं कापड आणि जीभ.

"खिसे दाखवा! मोबाइल? घड्याळ? आणि साहेब, ते काय चमकतंय?"

"टक्कल आहे, बाई. ते... बाहेर... ठेवता येत नाही."

साहेब एकेक शब्द चिमट्यानं उचलून ठेवतात. मावशी त्यांची नक्कल करते आणि मी मावशीच्या नकलेची. त्यामुळे साहेब आमच्याकडे न येता रोज जेवायला असतात.

तर झालं काय, टकरी बंद असतानाही एका पेटीत उजेड दिसायला लागला. पेटी मावशीचीच. हिवाळाभर एकेक स्फटिक तान्ह्या बाळासारखा गुंडाळून तिनं ती बांधली होती.

साहेबांनी सांगून टाकलं, "उद्या... सगळ्या पेट्यांवर... मोठं झाकण बसेल. तोवर जमलं तर ठीक. नाहीतर ही पेटी... कायमची बंद."

मावशीनं पेटी उघडली, बॅटरी मारून कडा न् कडा तपासली. फट कुठेच नाही. तरी पट्टीचा आणखी एक थर दिला, पेटी मिटली. पडद्यावरचा उजेडाचा आकडा उलट वाढला! मग आपोआप हळूहळू उतरायला लागला. पुन्हा उघडली, पुन्हा बॅटरी, पुन्हा थर. आकडा पुन्हा वर.

"शोधावा तेवढा वाढतोय मेला!" असं करवादतच ती संध्याकाळी घरी आली आणि तोफ माझ्याकडे वळली. "सामानाच्या खोलीतला दिवा कुणासाठी गं? आत पाहुणे उतरलेत का?"

तिनं खटकन दिवा घालवला. फळीवर हिरवट काहीतरी चमकलं. तिची कात्री. अंधारात चटकन सापडावी म्हणून मावशी प्रत्येक हत्याराला चमकणारा स्टिकर लावते. दिव्याखाली तो उजेड पिऊन घेतो, मग अंधारात सोडत बसतो.

मावशीनं झडप घालून कात्री उचलली.

"माझा कटर!"

"कुठला?"

"पट्टी कापायचा. परवापासून सापडत नाहीये. शिपायाला नाही नाही ते बोलले मी. आणि तो पेटीतच पडलाय गं! मी आपली बॅटरी दाखवून दाखवून त्याला पोटभर जेवू घालतेय."

"मग उद्या गुपचूप काढून घे ना."

"म्हणे गुपचूप! आणि त्या शिपायाचं काय?"

सकाळी पेटीतल्या तारांच्या जुडग्यामागून कटर निघाला. पेटी मिटली आणि आकडा निमूट खाली जाऊन बसला. मावशीनं सगळ्यांदेखत शिपायाची माफी मागितली आणि साहेबांसमोर कटर ठेवला. साहेबांनी तो चिमटीत उचलला.

"बाई... आजपासून खिसे... मी तपासणार. आधी... तुमचे."

झाकण बसलं. टकरी सुरू झाल्या आणि इतर पेट्यांबरोबर मावशीची पेटीही मुकाट फोटॉन मोजायला लागली. घरी येऊन मावशीनं हे सगळं साभिनय सांगितलं. तिचं संपायच्या आत मी तिच्याच आवाजात ओरडले, "खिसे दाखवा!"

तिनं ठसक्यात पर्स उपडी केली. आतून स्टिकरचं नवं कोरं पाकीट पडलं.

"हे घरासाठी," मावशी म्हणाली.