तिसऱ्या ओळीचा पुरावा

मच्छिंद्र पेंटर कुणाच्याच पार्टीत नव्हता, आणि ही गोष्ट तो न विचारता सांगायचा. हसनाबादपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत पार्ट्या दोनच, एक काकासाहेबांची, दुसरी बद्रीनाथाची. निवडणूक लागली की दोन्हीकडच्या भिंती हाच रंगवायचा. सकाळी एकाचं चिन्ह, दुपारी दुसऱ्याचं, मधे ब्रश धुवायचा तेवढा काय तो फरक. मंग त्याच्याकडं कुणी बोट दाखवणार कसं? त्याचं म्हणणं, आपण अक्षराचा माणूस, मजकूर ज्याचा त्याचा. भला माणूस होता हो, पण या एका गोष्टीचा त्याला फार ताठा होता.

दोन हजार आठ साली शाळेवर देवानंद गुरुजी आले. त्यांना कॉम्प्युटरचा नाद. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कुणीही उठावं आणि त्यात लिहावं असा, हे वाडीला त्यांच्यामुळं कळलं. गुरुजींनी वाडीवर एक पान लिहिलं, त्यात लोकसंख्या, पिकं, शाळा. झालं! शाळेला जमीन कुणी दिली यावरून दोन्ही पार्ट्यांचे शिकलेले लोक भोकरदनच्या नेटकॅफेत जाऊन बसू लागले. सकाळी पानावर जमीन काकासाहेबांची, दुपारी बद्रीनाथाची, संध्याकाळी पुन्हा काकासाहेबांची. शेवटी कोशावर देखरेख ठेवणारा कुणी एक होता, कुठं पुण्या-नाशकाकडं बसलेला, त्यानं पानाला कुलूप घातलं. कोश कुणाच्याच बाजूचा नाही, म्हणाला, काय ते पुराव्यानिशी द्या.

गुरुजींनी शाळेच्या भिंतीतल्या कोनशिलेचा फोटो धाडला आणि भांडण मिटलं. तरी गावातल्या एखाद्या बिनपार्टीच्या माणसानं पान नजरेखालून घालावं म्हणून त्यांनी मच्छिंद्रला बोलावलं. फुगला की तो! टोपी झटकून, नवा सदरा घालून गेला.

गुरुजींनी पान उघडलं. मच्छिंद्रनं चष्मा पुसून वाचलं, 'शाळेसाठी जमीन काकासाहेबांनी दान दिली.' खाली पुरावा म्हणून कोनशिलेचा फोटो. ती अक्षरं त्यानं लगेच ओळखली. त्याचीच होती, त्र्याऐंशी साली छन्नीनं खोदलेली.

कारण जमीन रायभानची होती. मेंढरं विकून त्यानं घेतलेला दीड एकर. आपली लेक सखू शिकेल, आणखी चार लेकरं शिकतील म्हणून त्यानं तोंडी शब्दावर दिला. कागद ग्रामपंचायतीच्या नावानं झाला आणि शाळा उभी राहायच्या आत रायभान वारला. काकासाहेब तेव्हा सरपंच. त्यांनी मजकूर लिहून दिला, मच्छिंद्रनं खोदला, एका शब्दानं विचारलं नाही. उद्घाटनाला रायभानची बायको आसराबाई नारळ घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. आमच्या ह्यांचं नाव कुठाय, असं तिनं विचारलं, आणि या शहाण्यानं तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिसऱ्या ओळीत काकासाहेब होते! तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला झेंडा झाला की बाई त्या ओळीला हात लावून तो कपाळाला लावायची. अक्षरांत नवा रंग भरून मच्छिंद्र तिथंच उभा असायचा.

"गुरुजी, हे खोटं हाय," तो म्हणाला, आणि सगळं सांगून मोकळा झाला. पण लिहायचं कशाच्या आधारावर? ना रायभानच्या नावाचा कागद, ना कुठं छापलेलं. तरी त्यांनी देखरेखवाल्याला सगळं कळवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, ते ऐकायला मच्छिंद्र शाळेत जाऊन बसलाच होता. कुणाची आठवण पुरावा धरता येत नाही, शिला धरता येते.

"अहो, पण शिला मीच खोदली ना."

"तेही लिहिलं होतं," गुरुजी खाली बघत म्हणाले. "ते म्हणतात, खोदणाऱ्यानं आता काही सांगितलं तर त्याला आधार काय?"

मच्छिंद्र घरी गेला नाही. पंचवीस वर्षं आपण कुणाच्याच बाजूचे नाही म्हणून मिरवलो, आणि एवढा मोठा कोश आपल्या अक्षरावर भरवसा ठेवून एका बाजूला गेला. उघडच सांगतो, भर दुपारी रस्त्यानं तो रडत चालला होता. आता हे पान सगळ्या दुनियेला दिसणार. दुसऱ्या कुणी जाऊन आसराबाईला वाचून दाखवायच्या आत आपणच सांगितलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ती हाकलून देईल, शिव्याशाप देईल, देऊ दे.

आसराबाई अंगणात तूर पाखडत होती. तो समोर मातीतच बसला.

"काकू, तिसऱ्या ओळीत रायभानकाकाचं नाव न्हाई. मी तुला खोटं सांगितल्तं."

बाईचं सूप थांबलं नाही.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "सखू दुसरीत गेली तवाच तिनं वाचून दाखवल्तं."

मच्छिंद्रनं मनाशी हिशेब केला. सखू दुसरीत होती त्याला तेवीस वर्षं झाली. तेवीस वेळा या बाईनं काकासाहेबांच्या नावाला लावलेला हात कपाळाला लावला होता, जाणूनबुजून, त्याच्या डोळ्यांदेखत.

"मंग हात का लावत राह्यलीस, काकू?"

आता तिनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडं बघितलं.

"तू तिथंच उभा राहायचास. मला वाटायचं, यंदा तरी सांगशील."