कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या फौजदारबाई

नाटकात प्रेक्षकांकडे बघायचं नसतं, हे टकमकबाईंना सांगून सांगून हौशी नाट्यमंडळाचे दिग्दर्शक थकले. बाईंना ते पटत होतं. तालमीत जमतही होतं. पण पडदा वर गेला की मान आपोआप वळायची आणि डोळे तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर जाऊन थांबायचे. तिथे त्यांची लेक बसलेली असायची. पोरगी जागी आहे ना, कोणी तिला उठवून आपण बसलं नाही ना, एवढी खात्री झाली की बाई पुढचं वाक्य म्हणायच्या. शेवटी वैतागून त्यांना प्रेताचं काम दिलं. प्रेतानं एक डोळा उघडून तिसरी रांग न्याहाळली आणि ऐन रडारडीत हशा पिकला. तेव्हापासून त्यांचं नाव टकमकबाई पडलं आणि नाटकातली कामं बंद झाली. बाई पुढची कित्येक वर्षं मंडळाचे पडदे शिवत राहिल्या.

पोटापाण्यासाठी त्या बुटांच्या दुकानात होत्या. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचं, बूट चढवायचा, अंगठ्याशी दाबून बघायचं आणि मान वर करून विचारायचं, "चावतोय का कुठे?" गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. लोक भिडेपोटी नाही म्हणतात आणि घरी जाऊन फोड आला की दुकानाच्या नावानं बोटं मोडतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्या बघण्यात थोडी काळजी असायची, थोडा अपराधीपणा, आणि दुसरा जोड आणायला उठण्याची तयारी.

एके दिवशी दुकानात बारीक केस कापलेली एक मुलगी आली. तिला पोलिसांचे वाटतील असे काळे बूट हवे होते, बऱ्याच जणांसाठी. नमुन्याचा जोड तिनं स्वतःच्या पायात घालून बघितला.

"चावतोय का कुठे?" बाईंनी विचारलं.

"परत बघा," ती म्हणाली.

"बुटाकडे?"

"माझ्याकडे. आत्ता बघितलंत तसं."

बाईंना वाटलं, झालं, काहीतरी चुकलं. त्यांनी पुन्हा वर बघितलं, आता जास्तच घाबरून. मुलगी हसायला लागली आणि हसता हसता बाकावर बसली. गल्ल्यावरून मालक म्हणाले, "बाई, गुदगुल्या करताय की बूट घालताय?"

ती मुलगी टीव्हीवरच्या एका नव्या विनोदी मालिकेची दिग्दर्शिका होती. मालिकेचं नाव 'निश्चिंत झोपा'. वरवर तो माहितीपट वाटावा अशी सगळी रचना. कॅमेरावाले एका आदर्श पोलीस ठाण्याचं चित्रण करायला येतात आणि त्या ठाण्यात आदर्श म्हणावं असं काहीच नसतं. हवालदार पळणाऱ्या चोराला जवळचा रस्ता सांगतो. गाडी ढकलायला कोठडीतले आरोपी बाहेर काढावे लागतात. आणि ज्याच्या हातून घोटाळा झाला तो दर वेळी हळूच कॅमेऱ्याकडे बघतो, की यांनी पाहिलं का.

"म्हणजे कॅमेऱ्याकडे बघायचं?" बाईंनी विचारलं.

"बघायचंच. तेच तर काम आहे."

"आणि कोणी ओरडणार नाही?"

"बघितलं नाहीत तर मी ओरडेन."

त्या दिवशी बाईंनी दोन गिऱ्हाइकांना डाव्या पायाचेच दोन्ही बूट बांधून दिले.

अशा रीतीनं टकमकबाई ठाण्याच्या फौजदारबाई झाल्या. या फौजदारबाई डाव्या हातानं सलाम ठोकत, कारण उजव्या हातात सतत चहाचा कप. त्यांच्या शिट्टीतली गोळी हरवलेली होती, त्यामुळे त्या गाल फुगवून शिट्टी फुंकायच्या आणि नुसतं 'फुस्स' व्हायचं. मग त्या कॅमेऱ्याकडे बघायच्या, अगदी गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. लोक या बघण्यावर फिदा झाले. बस थांब्यावर शाळकरी पोरं एकमेकांना 'फुस्स' करून दाखवू लागली. मालकांनी दुकानाच्या काचेवर बाईंचा फोटो लावला आणि वर तोऱ्यात म्हणाले, "मी आधीच ओळखलं होतं." ते कोणी ऐकून घेतलं नाही ती गोष्ट वेगळी.

एवढं सगळं छान चाललेलं असताना बाईंना झोप लागत नव्हती, कारण तिसऱ्या रांगेतली ती पोरगी आता खरीखुरी फौजदार झाली होती.

लेकीनं प्रशिक्षण पुरं केलं आणि मालिका सुरू झाली, दोन्ही एकाच सुमारास. घरात दोन वर्द्या आल्या. लेकीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते लेकीला 'साहेब' म्हणायला लागले होते. "घरात दोन दोन फौजदार," ते म्हणायचे, "आता चोरी करायची तर मलाच करावी लागणार. बाहेरचा कोण धजावतोय?" सुरुवातीला लेक हसायची. आईला सलाम कसा ठोकायचा ते तिनंच शिकवलं, आणि आईनं तो डाव्या हातानं ठोकल्यावर पोट धरून हसलीही.

मग हळूहळू तिचं हसणं कमी झालं. बाईंच्या ते लक्षात आलं बुटांवरून. लेक रोज सकाळी बूट घासायची, पुन्हा घासायची, आरशासारखे झाले तरी थांबायची नाही. ज्याला आपल्याकडे कोणी बोट दाखवेल अशी धास्ती असते तो असे बूट घासतो, हे बाई दुकानात बघत आल्या होत्या.

"ठाण्यात कोणी काही बोलतं का गं तुला?"

"नाही."

"खरं सांग."

"आई, पाकीटमाराला पकडलं तर तो म्हणतो, फौजदारबाईंच्या घरच्या ना तुम्ही, मग सोडा, नाहीतरी निसटणारच आहे मी." लेकीनं ब्रश खाली ठेवला. "तू तुझं काम कर. मी माझं बघते."

पण तिचं काम अजून पक्कं झालं नव्हतं. नोकरीतला उमेदवारीचा काळ संपत आला होता आणि ठाण्याचे मोठे साहेब काय शेरा देतात यावर सारं अवलंबून होतं. लोक जिला बघून हसतात तिच्या हातात ठाणं कोण देणार? बाईंनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "लिफ्ट मधेच अडकली तर आतल्या माणसानं उड्या मारायच्या नसतात. जरा थांब." पण थांबणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिग्दर्शिकेला सांगून टाकलं, हा भाग झाला की मी मोकळी.

दिग्दर्शिकेनं खूप समजावलं. बाई नाही म्हणजे नाही. त्यांनी मनाशी आणखी एक ठरवलं होतं, निदान या शेवटच्या भागात तरी कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. लेकीची तेवढीच कमी शोभा.

त्या दिवशीचा प्रसंग साधा होता. फौजदारबाई आरोपीला बेडी घालायला जातात आणि चुकून स्वतःचा हात खुर्चीला अडकवून घेतात. बाईंनी हात अडकवला. मग समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांची मान वळली नाही. मंडळाच्या दिग्दर्शकांनी हे बघितलं असतं तर आनंदानं पेढे वाटले असते. इथे मात्र कोणी हसेना. कॅमेरावाल्यानं डोकं खाजवलं.

"बाई," दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "मेल्यासारखं वाटतंय."

"प्रेताचं काम केलंय मी. त्यात बघितलं होतं."

"मग आता का नाही?"

"पुढचं घेऊ," त्या म्हणाल्या. पुढे मदतीसाठी शिट्टी फुंकायची होती. मोकळ्या हातानं त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, गाल फुगवले आणि फुंकली.

शिट्टी अशी कडाडून वाजली की हवालदार झालेल्या नटाच्या हातातला चहा आरोपीच्या मांडीवर सांडला. दिव्यांजवळ उभी असलेली माणसं खाली बसली. मग एकच हशा उसळला. बाईंचा चेहरा तेवढा पांढराफटक पडला.

आदल्या दिवशी गाल फुगवायचा सराव करायला त्यांनी खोटी शिट्टी घरी नेली होती. सराव झाल्यावर दाराजवळच्या खिळ्याला अडकवली होती. लेकीची शिट्टीही त्याच खिळ्याला असायची.

"पोरीची शिट्टी माझ्याकडे आलीय," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझी तिच्याकडे गेली."

लेकीला फोन लावला, उचलला गेला नाही. बेडीची किल्ली सापडायला वेळ लागला, कारण ती त्या सांडलेल्या चहात पडली होती. खोटी वर्दी घालून फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, म्हणून बाईंनी धावत जाऊन कपडे बदलले, ब्लाउजची बटणं खालीवर लावली आणि खरी शिट्टी मुठीत धरून निघाल्या.

लेकीच्या ठाण्यात टेबलाशी एक पिकल्या मिशांचा शिपाई बसला होता. त्यानं बाईंना बघितलं आणि उठून उभा राहिला. "फौजदारबाई, तुम्ही? एक फोटो."

"फोटो नंतर. माझी मुलगी कुठे आहे?"

"साहेब गेल्यात. वस्तीत गाड्या लावण्यावरून मारामारी पेटलीय. मोठा जमाव आहे म्हणतात, सळया काढल्यात."

"तिच्याबरोबर कोण?"

"एक हवालदार. दुसरी कुमक मागवलीय, येईल."

बाई बाकावर बसल्या. मुठीतली शिट्टी घामानं ओली झाली होती. सळया घेतलेला जमाव आणि त्याच्यासमोर आपली पोरगी गाल फुगवून 'फुस्स' करतेय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. आत मोठ्या साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. साहेब चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पटकन त्यांच्या बुटांकडे बघितलं. टाच एका बाजूनं झिजली होती.

मग बाहेर गाडी थांबली आणि हसण्याचा आवाज आला. आधी लेक आत आली, मागून दोन मध्यमवयीन माणसं, एकाच्या कपाळावर रुमाल बांधलेला, आणि त्यांच्यामागे कागदात गुंडाळलेल्या सळया काखेत घेतलेला हवालदार. हसत होते ते हे मागचे तिघे. लेकीचा चेहरा गंभीर होता.

"आई? तू इथे?"

बाईंनी नुसती मूठ उघडली.

"अच्छा," लेक म्हणाली. "मला तिथे गेल्यावर कळलं."

मोठे साहेब बाहेर आले. "काय झालं? आणि ही माणसं हसतायत का?"

लेक तोंड उघडायच्या आत हवालदारच सांगायला लागला. "सर, आम्ही पोचलो तेव्हा हे दोघं एकमेकांच्या उरावर बसलेले. मागे दोन्हीकडची माणसं. कोणी ऐकेना. मॅडमनी शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली. तर फुस्स."

"फुस्स?"

"फुस्स, सर. अगदी टीव्हीवरच्यासारखं. वरच्या मजल्यावरून एक जण फोननं शूटिंग करत होता. मॅडमनी शिट्टीकडे बघितलं, मग वर त्याच्याकडे बघितलं." हवालदार बाईंकडे वळला. "काय सांगू, तुम्हीच उभ्या होतात जणू. मग गॅलरीतल्या एक आजी म्हणाल्या, अगंबाई, ही त्यांची पोर. आणि सगळी वस्ती हसायला लागली, सर. हा," त्यानं रुमालवाल्याकडे बोट दाखवलं, "याच्या उरावर बसून हसत होता."

"मग?"

"मग मॅडम नाही हसल्या. लोक हसतायत तोवर त्यांनी दोघांच्या हातातून सळया काढून घेतल्या. एकाला जिन्यात बसवलं, एकाला गाडीत. बायकांना पाणी आणायला लावलं. कुमक आली तेव्हा करायला काही उरलंच नव्हतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढ्या वर्षांच्या नोकरीत," ते लेकीला म्हणाले, "शिट्टी न वाजल्यामुळे जमाव शांत झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. प्रशिक्षणात शिकवतात का हल्ली?"

"नाही, सर. घरीच शिकले."

"शेऱ्यात लिहू?"

"शिट्टीचं नका लिहू, सर."

"शिट्टीपासूनच सुरुवात करणार आहे. पण शेवट सळयांवर करीन. पुढच्या महिन्यापासून वस्तीची चौकी तुमच्याकडे."

साहेब आत गेले. बाई अजून शिट्टी पुढे धरून उभ्या होत्या. लेकीनं ती घेतली, खिशातली दुसरी काढून आईच्या हातात दिली.

"शूटिंग सोडून आलीस?"

"मी ते कामच सोडलंय. तुला त्रास नको म्हणून."

"झाला होता त्रास. खोटं कशाला बोलू." लेक जवळ आली आणि आईच्या ब्लाउजची बटणं नीट लावायला लागली. "पण आज त्या आजींनी तुझ्यावरून मला ओळखलं आणि मला बरं वाटलं, आई. त्या गर्दीत मी एकटी नव्हते. जा परत. आणि नीट बघ कॅमेऱ्याकडे. अर्धवट बघितलंस तर मी येऊन पकडीन."

बाई परत गेल्या. हात पुन्हा खुर्चीला अडकवला, मान वळवली आणि असं बघितलं की कॅमेरावाल्याचा कॅमेरा हसण्यानं हलला. दिग्दर्शिकेनं तो हललेला तुकडाच ठेवला.

मालिकेचा हा भाग दाखवला गेला तो मोठ्या साहेबांच्या आग्रहानं, खऱ्या ठाण्याच्या सभागृहात, रविवारी दुपारी. वर्दीतली माणसं दाटीवाटीनं बसली. बाबा लिफ्टचं काम सोडून आले. 'फुस्स' झालं तेव्हा साहेब डोळे पुसत होते. बाईंनी पडद्याकडे फारसं बघितलंच नाही. त्या मान वळवून रांगा बघत होत्या आणि या खेपेला त्यांना कोणी टोकलं नाही. कोणीही अवघडलेलं दिसेना.

भाग संपला तशी तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मागे सरकली. लेक उठली आणि तिनं कडक सलाम ठोकला. तिच्यामागे हवालदार उठला, मग पिकल्या मिशांचा शिपाई, मग अख्खं सभागृह.

बाईंच्या उजव्या हातात चहाचा कप होता. त्यांनी डाव्या हातानं सलाम केला, आणि छपराला भिडेल असा हशा झाला.